आण्णांचं मशीन आणि लेकीचा डबा

आण्णा, तुमचं मशीन अजून चालतं. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं. आई बरी आहे, डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं, उजवा मात्र अजून तिखट आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. तुम्ही गेल्यावर आम्ही आईजवळ याच घरात राहायला आलो. तुमचे जावई मजेत आहेत, मशीन उचलायची वेळ आली की तेवढे कुरकुरतात. लेक पुण्यात असते. तुम्ही गेलात तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तुमचा टेस्टर खिशात घालून घरभर हिंडायची, आता ती कॉम्प्युटरवर आवाजाचीच कामं करते. बावीस वर्षांचं सगळं लिहायला बसले तर कागद पुरायचे नाहीत. आज फक्त मशीनचं लिहिते, आणि त्याच्या शेजारी येऊन बसलेल्या एका डब्याचं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. वस्तीतल्या ऑर्केस्ट्रात मी गिटार वाजवायला लागले होते. भावकीत कुजबुज होती, पोरगी स्टेजवर कशाला म्हणून. तुम्ही त्यावर कधीच काही बोलला नाहीत. एका चौदा एप्रिलला, जयंतीच्या कार्यक्रमात, तुम्ही गर्दीच्या मागे, साउंडवाल्याच्या शेजारी उभे राहून पूर्ण कार्यक्रम ऐकलात. माझी गिटार तेव्हा एका जुन्या ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर चालायची, आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा यायचा. घरी आल्यावर तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "तुझा हात बरा हाय पोरी. आवाज भिकार हाय." मला वाईट वाटलं होतं. पुढच्या रविवारी तुम्ही सायकलच्या कॅरिअरवर एक लोखंडी धूड बांधून आणलंत. बंद पडलेल्या एका थिएटरचं सामान विकायला काढलं होतं, त्यातला तो सिनेमाचा अँप्लिफायर. त्यात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे चार मोठे व्हॉल्व्ह होते, दोन मेलेले आणि दोन जिवंत.

तुम्ही दिवसभर मिलमध्ये मोटारींचं वाइंडिंग करायचात आणि संध्याकाळी येऊन परत तारच हातात घ्यायचात. काम चालायचं स्वयंपाकघरात. आईला ते अजिबात पसंत नव्हतं, पण घरातलं एकच भरवशाचं अर्थिंग तिथं होतं. मोरीमागं खड्डा खणून, मीठ आणि कोळसा घालून, तांब्याची पट्टी पुरून तुम्ही ते स्वतः केलं होतं. तुमचं म्हणणं, अर्थिंग नीट असलं की मशीन कमी घुमतं. मग काय, एका बाजूला आईची परात आणि दुसऱ्या बाजूला तुमचा चेसीस, मशीनचा उघडा लोखंडी सांगाडा. आई म्हणायची, "पिठात लोखंडाचा चुरा पडतोय." तुम्ही म्हणायचात, "लोखंड चांगलं असतंय अंगाला." सोल्डरिंगचा धूर आणि भाकरीचा वास, दोन्ही एकत्र. मला अजून त्यातला एक आला की दुसरा आठवतो.

मशीन पहिल्यांदा चालू केलंत तो दिवस. तुम्ही बटण दाबता आणि काहीच होत नाही. मी लगेच गिटारच्या तारेवर हात टाकते, तुम्ही माझं मनगट धरता. "थांब. तापू दे." आतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल व्हायला लागतात, काचेच्या पोटात शेगडी पेटावी तसे. आई तव्यावरची भाकरी उलटते आणि मान वळवून बघते. मग तुम्ही हात सोडता. मी एकच सूर छेडते आणि फळीवरच्या सगळ्या ताटल्या थरथरतात. तो सूर संपत नाही, वाजतो, फुगतो आणि मग सावकाश विरतो. आई म्हणाली, "भांडी वाजली की माझी." तुमच्या तोंडावर मी तेव्हा जे हसू पाहिलं, ते माझ्या बारावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. फक्त मधूनमधून एक बारीक घुंई येत होती, ती तुम्हाला शेवटपर्यंत खुपली. अर्थिंग बदललंत, तारा पिळून बघितल्यात, पत्र्याची डबी करून एका व्हॉल्व्हवर बसवलीत. कमी झाली, पण गेली नाही.

आता सांगोल्याचं. ते मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, तुम्हाला मात्र माहीत आहे. आमचा तिथं कार्यक्रम होता. टेम्पोत मशीन चादरीत गुंडाळून नेलं होतं. वाटेत एक टँकर रस्त्यात आडवा अडकला होता म्हणून आम्ही उशिरा पोचलो, लोक बसलेले, आयोजक घाई करत होते. मी मशीन लावलं, तापू दिलं, तेवढं विसरले नाही. पण स्पीकरची वायर मागे जोडायची राहिली. आवाज येईना म्हणून मी बटणं वाढवत गेले आणि जोरजोरात वाजवत राहिले. स्पीकर नसला की व्हॉल्व्हच्या मशीनचा सगळा जोर आतल्या ट्रान्सफॉर्मरवरच येतो; थोड्या वेळानं वॉर्निश जळल्याचा वास आला. कार्यक्रम कसाबसा त्या जुन्या ट्रान्झिस्टरवर उरकला. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काय झालं?" आणि मी म्हणाले, "गावात करंट कमी-जास्त होत होता."

तुम्ही दोन संध्याकाळी मशीन उघडून बसलात. करंट येण्याच्या बाजूचं सगळं तपासलंत, एकेक भाग काढून मोजलात. काही सापडेना. मी अभ्यासाचं पुस्तक धरून बाहेरच्या खोलीत बसले होते, एक ओळ वाचली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही स्पीकरच्या बाजूचा ट्रान्सफॉर्मर सोडवलात आणि मला हाक मारलीत. "बस हितं. मी गुंडाळतो, तू फेरे मोज." तार केसाएवढी, दर थराला कागद, आणि फेरे हजारांवर. शंभर झाले की मी पाटीवर एक रेघ मारायची. आठवडाभर रोज दोन तास आम्ही तेच करत होतो. चौथ्या दिवशी, हात न थांबवता, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "स्पीकरची वायर लावली नव्हती, व्हय?"

"नव्हती," मी म्हणाले.

"मग तसं सांगायचं की. तुझं ऐकून मी दोन दिवस भलतीकडंच हुडकत बसलो."

बास, एवढंच. रागावला असतात तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही फक्त तुमचे दोन दिवस गेले एवढं सांगितलंत आणि पुढचा फेरा घातलात. मी म्हणाले, "आण्णा, चुकलं." तुम्ही म्हणालात, "किती झालं?" मी पाटी बघून रेघा मोजल्या.

त्या ट्रान्सफॉर्मरवर मशीन पुढं कितीतरी वर्षं चाललं. तुमची मिल बंद झाली, माझं लग्न झालं, मला शाळेत नोकरी लागली, आणि प्रत्येक एप्रिलात ते चादरीतून निघून स्टेजवर जायचं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या शहराचे पंखे एकदम सुरू झाले की करंट खाली यायचा. दिवे पिवळे पडायचे आणि मशीनचा आवाज मऊ व्हायचा, जरा दमल्यासारखा. मी त्या आवाजाप्रमाणे हात हलका करायचे. ढोलकवाले भाई म्हणायचे, आज मशीन का मूड अलग है. तुम्हाला ते आठवत असतीलच, तुम्हाला उस्ताद म्हणायचे. गुडघे गेलेत त्यांचे, पण ऑर्केस्ट्रात आम्ही जुने दोघंच उरलोय, बाकी सगळी नवी मुलं आहेत.

तर डबा. माझ्या वाढदिवसाला लेकीनं तो कुरिअरनं पाठवला. जेवणाच्या डब्याएवढाच आहे, काळा, वर पाच-सहा बटणं आणि छोटा पडदा. गिटारची वायर त्यात घालायची आणि त्यातून थेट साउंडवाल्याच्या मशीनला किंवा हेडफोनला. जगभरातल्या नावाजलेल्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचे आवाज त्यात भरून ठेवलेत, शेकड्यानं. एक आकडा दाबला की एक, दुसरा दाबला की दुसरा. व्हॉल्व्ह नाही, ट्रान्सफॉर्मर नाही, तापत नाही, थांबावं लागत नाही. मी फोनवर म्हणाले, "अगं, आण्णांचं मशीन असताना हे कशाला?" ती म्हणाली, "मम्मी, तुझी कंबर बघ आणि मशीनचं वजन बघ." मी तो डबा कपाटावर ठेवून दिला.

फेब्रुवारीत तालमीच्या वेळी मशीनला परत तोच वास आला. अगदी थोडा, पण मी ओळखला. लगेच बंद केलं. तुम्ही गुंडाळलेला तो ट्रान्सफॉर्मर, त्यातला कागद आता म्हातारा झालाय. सोलापुरात विचारलं, मोटारीचं वाइंडिंग करणारे भेटले, हे काम करणारा नाही. पुण्यात एक जण म्हणाला, करून देतो, पण हातानं नाही, वाइंडिंगच्या यंत्रावर गुंडाळून, आणि आवाज तोच येईल असं सांगत नाही. व्हॉल्व्ह अजून बाहेरच्या देशातून मागवता येतात. तुमचा हात कुठून मागवणार होते मी? दोन रात्री मला नीट झोप लागली नाही. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "जळायच्या आधी आपण आवाज घेऊन ठेवू. मी येते."

मार्चमधल्या एका रविवारी ती आली. भर दुपारी मशीन स्वयंपाकघरात, तुमच्या अर्थिंगवर लावलं. तिनं स्पीकरसमोर माइक ठेवला आणि आपला लॅपटॉप जोडला. मला वाटलं मी वाजवायचं आणि ती रेकॉर्ड करणार. तसं नव्हतं. लॅपटॉपमधून मशीनला विचित्र आवाज जायला लागले, शिट्ट्या, खरखर, कुठल्या तरी गिटारचे तुकडे, हळू आणि मोठ्यानं. मशीन प्रत्येकाला उत्तर देत होतं आणि लॅपटॉप ते ऐकत होता. ती म्हणाली, "आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, एवढंच तो बघतो. मधे काय होतं ते स्वतः शिकतो." मी विचारलं, "मग आण्णांनी आत काय केलंय ते त्याला कळतं?" ती म्हणाली, "नाही. आजोबा काय करत होते ते नाही कळत. काय ऐकू येत होतं तेवढं कळतं." पाचेक मिनिटांचंच काम होतं. मग लॅपटॉप तासभर आकडेमोड करत बसला आणि आम्ही जेवून घेतलं. शेवटी तिनं तो आवाज डब्यात घातला आणि त्याला नाव दिलं, "आण्णा, स्वयंपाकघर."

मग परीक्षा झाली. लेकीनं बाहेरच्या खोलीत दोन स्पीकर ठेवले. मशीन स्वयंपाकघरातच, दार लावून, त्याचा आवाज माइकमधून बाहेरच्या स्पीकरवर. डब्याचाही त्याच स्पीकरवर. मी बाहेर बसून वाजवायचं आणि ती एक बटण इकडंतिकडं करणार, कुठलं चालू आहे हे तिलाच माहीत. भाई चहाला आले होते, ते खुर्चीवर. आई खाली मेथी निवडत बसली होती. मी सहा वेळा सांगितलं, हे मशीन, हा डबा. छातीठोकपणे सांगितलं. चार वेळा चुकले. आण्णा, मी तीस वर्षं तुमच्या मशीनवर वाजवतेय.

भाईंना विचारलं. ते म्हणाले, "मेरेकु नक्को पूछो बहन. दोनों में तूच बजा री ना?"

आईनं मेथीतून मान वर केली नाही. म्हणाली, "त्यात काय अवघड हाय? दोन्ही सारखंच वाजतंय. पण तू हात थांबवलास की एक गप बसतंय अन् एक घुंई करत ऱ्हातंय. घुंई करतंय ते ह्यांचं."

लेकीनं परत सहा वेळा आईला विचारलं आणि हसायला लागली, कारण आई सहाच्या सहा वेळा बरोबर होती. डबा तुमची घुंई शिकला नव्हता. लेक म्हणाली, वाजवताना काय होतं तेवढंच तो शिकतो, नुसतं बसल्यावर काय होतं ते नाही. आईनं देठ बाजूला टाकले. "ते तरी गप कुटं बसायचे. हातात काम नसलं की आपलं काहीतरी पुटपुटत." असं म्हणून ती उठली, दार उघडून आत गेली आणि मशीनच्या शेजारी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. बराच वेळ ती आतच होती. लेक मशीन बंद करायला निघाली, मी तिला खुणेनं थांबवलं.

जयंतीला मी डबा नेला. मशीन स्टेजवर जळलं असतं तर मला सहन झालं नसतं. गिटार पाठीला, डबा पर्समध्ये, रिक्षानं गेले. साउंडवाला पोरगा विचारतो, "ताई, अँप्ली कुटं हाय?" मी पर्स दाखवली. पहिल्या गाण्याला मला पाठीमागं काहीतरी कमी वाटत राहिलं, ऊब नव्हती. दुसऱ्या गाण्यात सवयीनं मागं वळून बटण फिरवायला हात घातला, तर हाताला भाईंचा गुडघा लागला. ते ढोलक वाजवता वाजवता हसले. तिसऱ्या गाण्यापासून मी सगळं विसरले. समोर माणसं होती, बाया लेकरांना खांद्यावर घेऊन उभ्या होत्या, आणि सूर जसा यायला हवा तसा येत होता, वाजून, फुगून, विरून.

कार्यक्रम संपल्यावर मिलमधल्या तुमच्या खात्यातले एक काका काठी टेकत आले. मी त्यांना ओळखलं नाही, त्यांनीच सांगितलं, मी तुझ्या बापाच्या शेजारच्या बाकावर होतो. म्हणाले, "मशीन अजून तसंच वाजतंय की गं." मी म्हणाले, "काका, मशीन घरी आहे. त्याचा आवाज यात घेतलाय." त्यांनी डबा हातात घेतला, उलटा करून बघितला. "ह्यात व्हॉल्व्ह किती?" "एकही नाही." "मग वाजतंय कशानं?" मी म्हणाले, "आकड्यांनी." त्यांनी डबा परत दिला. "तुझ्या बापानं उघडून बघितला असता," म्हणाले, आणि नातवाचा हात धरून गेले.

घरी येताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. डब्यात जे आहे ते मार्चमधल्या त्या एका दुपारचं आहे. त्या दुपारी करंट पूर्ण होता, म्हणून तो कायम पूर्णच असणार. एप्रिलातल्या संध्याकाळी दमणारा, मऊ होणारा आवाज त्यात नाही. पण ती दुपारही चांगलीच होती. मला त्याचं फार दुःख झालं नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते. दर रविवारी दहा मिनिटं मी मशीन चालू करते, तापू देते, हळू वाजवते आणि बंद करते. जोवर चालेल तोवर.

लेकीनं तुमचा आवाज इंटरनेटवर ठेवला, कुणीही घ्यावा म्हणून. घेतलाही बऱ्याच जणांनी. केरळातल्या एकानं लिहिलं, आवाज सुंदर आहे, पण खालचे सूर जरा जड आहेत. लेकीनं मला वाचून दाखवलं आणि मी आईला. आई म्हणाली, "त्याला म्हणावं, ये अन् सांग त्यांना." तुम्ही त्यावर काय केलं असतं ते मला दिसतं. आधी म्हणाला असतात, त्याला काय कळतंय. मग दोन दिवसांनी चेसीस उघडून एक कपॅसिटर बदलला असतात.

आता शेवटचं, आणि मग हे कागद घडी करून वहीत ठेवते, कारण ते पाठवायला पत्ता नाही. फेब्रुवारीत वास येईपर्यंत डबा कपाटावर पडून होता, असं मी सगळ्यांना सांगते. तो दोनच दिवस होता. तिसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना मी तो उतरवला, हेडफोन घातला आणि एकेक आकडा दाबत बसले ती जेवायची वेळ टळली तरी उठले नाही. त्यात एक आवाज आहे, कुठल्या परक्या देशातल्या मशीनचा, ते मशीन मी कधी बघितलेलंही नाही. तुमचा मी जयंतीला लावते, आई शेजारी असली की लावते. एकटी असले की तो परका लावते. आण्णा, मला तो जास्त आवडतो.